उघड सौदा

"हात घाला की शेठ," मी म्हटलं, "रुमालाखाली विंचू नाही."

कुणी हललं नाही. हळदीच्या ढिगापाशी मी उजवा हात पुढं करून उभी होते. हातावर आमच्या दुकानाच्या मालकांचा, आप्पांचा, पांढरा रुमाल पसरलेला, आणि समोर पेठेतले सगळे खरेदीदार व्यापारी अर्धगोल करून उभे. एरवी रुमाल पसरला की या मंडळींची ढकलाढकली व्हायची. आज कुणी आभाळाकडं बघत होतं, कुणी पायातल्या चपलेकडं. शांतिलालशेठ चष्मा पुसत होते. तो आधीच स्वच्छ होता, तरी पुसतच राहिले.

"शेठ, निदान तुम्ही तरी."

"बेटा," शांतिलालशेठ म्हणाले, "तुझ्या आप्पाच्या हातात मी वीस वर्षं हात दिला. पण तुझा हात धरला असं घरी कळलं, तर मला आज जेवायला कोण वाढणार?"

सगळे हसले. मीही हसले. पण हात तसाच ठेवला. तो मागं घेतला असता तर सगळं तिथंच संपलं असतं.

ज्यांनी आमच्याकडचा जुना हळदीचा सौदा पाहिला नाही, त्यांना सांगते. शेतकरी आपली हळद अडत्याच्या दुकानी आणायचा. अडत्या ती दुकानापुढं ओतायचा. व्यापारी यायचे, हळकुंड मोडून गाभ्याचा रंग बघायचे, आणि भाव सांगायचे. पण तोंडानं नाही. अडत्याच्या हातावर रुमाल टाकलेला असायचा. एकेक व्यापारी त्याखाली हात घालून अडत्याची बोटं दाबायचा. एक बोट म्हणजे शंभर, दोन बोटं म्हणजे दोनशे, पेर दाबलं की पन्नास. क्विंटलामागं हजार धरलेलेच, बोटं त्यावरची. कोण किती बोललं ते त्या दोन हातांनाच माहीत. सगळ्यांचे हात फिरून झाले की अडत्या जाहीर करायचा, माल अमक्याला, अमुक भावानं. आणि ज्याची हळद तो शेतकरी बाजूला उभा राहून नुसता रुमाल हलताना बघायचा.

अडत्याच्या जागी बाईनं उभं राहू नये असं कुठं लिहिलेलं नव्हतं. लिहायची गरजच नव्हती. परक्या बाईचा हात भर पेठेत कोण धरणार? एवढ्याशा रुमालानं सगळ्या बायकांना सौद्याबाहेर ठेवलं होतं, आणि त्यात कुणाला वाईटपणा घ्यावा लागला नव्हता.

माझे वडील याच पेठेत तोलाईदार होते, पोती तोलायचे. हळदीच्या ढिगांवर लोळतच मी वाढले. मॅट्रिक झाल्यावर शेट्यांच्या अडत दुकानात लागले, हिशोबपट्ट्या लिहायला. या कामाच्या माणसाला आमच्याकडं दिवाणजी म्हणतात, म्हणून मी झाले दिवाणजीबाई. सहा वर्षं कोपऱ्यातल्या गादीवर बसून मी पट्ट्या लिहिल्या, पण कान आणि डोळे सौद्यात. दुकानाचे मालक आप्पा शेटे हळकुंड मोडायचे आणि नकळत माझ्याकडं बघायचे. मी मान हलवली की त्यांचा जीव भांड्यात पडायचा. दर हंगामाला मी म्हणायचे, "आप्पा, एकदा सौदा मला करू द्या." आप्पा म्हणायचे, "बघू." आप्पांचं 'बघू' म्हणजे काय ते पेठेतल्या मांजरालाही माहीत होतं.

त्या वर्षी मुहूर्ताच्या, म्हणजे हंगामातल्या पहिल्या सौद्याच्या, आधी आप्पा स्कूटरवरून पडले आणि त्यांचा उजवा हात प्लास्टरमध्ये गेला. नेमका सौद्याचा हात! आता उभा राहणार तो त्यांचा भाचा सुधाकर, असं सगळ्यांनी धरूनच टाकलं होतं. सुधाकर वर्षभर दुकानात होता. बोटांची भाषा त्याला मीच शिकवली होती, आणि तरी तो पन्नास आणि शंभरात घोटाळा करायचा. पण आदल्या संध्याकाळी आप्पा सगळ्यांसमोर म्हणाले, "उद्या मुहूर्ताला पद्मा उभी राहील."

मला तर नाचावंसं वाटलं. आमच्या पेठेची रीतच अशी की मुहूर्ताला जो उभा राहील तो हंगामभर उभा राहतो. आज सौदा साधला तर मी दुकानाची सौदेवाली. फसला तर पुन्हा ती गादी, ते पेन आणि त्या पट्ट्या, म्हातारी होईपर्यंत. रात्रभर मी अंथरुणात पडून स्वतःचीच बोटं दाबत होते. सकाळी हिरवी साडी नेसले, आईनं हातात काचेच्या नव्या बांगड्या भरल्या, आणि ढिगावर नारळ फुटल्यावर आप्पांनी डाव्या हातानं माझ्या हातावर रुमाल टाकला.

आणि आता हे असं.

"आप्पा," तात्या निकम म्हणाले. पेठेतले सगळ्यात मोठे खरेदीदार, ते बोलले की बाकीचे माना हलवायचे. माझ्याशी न बोलता ते माझ्या डोक्यावरून मागच्या आप्पांशी बोलत होते. "ही काय थट्टा मांडलीया? बायकांचा हात धरायची जागा न्हवं ही."

"मग कुठली जागा आहे तात्या?" मी विचारलं.

हमाल खिदळले. तात्यांचा चेहरा समोरच्या हळदीहून पिवळा झाला, मग लाल. मला वाटलं, पद्मे, झालं, तोंड आवर. माझं तोंड मात्र माझं ऐकण्यातलं नव्हतं.

मग एकेक तोडगा निघायला लागला. कुणी म्हणालं, बाईच्या हातावर गोणपाट गुंडाळा आणि वरून दाबा. गोणपाटातून बोट कळतं का पाय कळतो? कुणी म्हणालं, भाव कानात सांगू. त्यावर शांतिलालशेठच घाईनं म्हणाले, "नको रे बाबा, त्यापेक्षा हात बरा!" परत हशा. आम्ही हसत होतो आणि ऊन चढत होतं. पुढच्या दुकानाचे मालक गुरुपाद हिंगमिरे आपला रुमाल खांद्यावर टाकून ओट्यावर ताटकळत होते. व्यापारी दुकानामागून दुकान क्रमानं घेत जायचे, त्यामुळं आमचं झाल्याशिवाय त्यांचं सुरू होणार नव्हतं. व्यापारी आम्हाला सोडून तिकडं वळले असते तर मुहूर्ताचा माल पडून राहिला असता. शेट्यांच्या दुकानी असं कधी घडलं नव्हतं.

एवढ्यात सुधाकर पुढं आला. "मी देतो हात," तो म्हणाला. "ताई, तू पट्टी लिहून घे. कशाला उगीच खोळंबा?" आणि त्यानं खिशातून रुमाल काढला. कोरा, इस्त्रीची घडी न मोडलेला. माझ्या मनात तेव्हा काही आलं नाही. मी एवढंच बघितलं, की सगळे व्यापारी सुटका झाल्यासारखे त्याच्याकडं वळले. काल आलेल्या पोराकडं!

"थांबा!" हा आवाज माझा नव्हता. ज्यांच्या हळदीचा ढीग पडला होता ते दत्तू खोत पोत्यावरून उठले होते. काटक, चिडका माणूस; गोड बोलणं त्यांना ठाऊकच नव्हतं. "ह्या पोराच्या हातात माझी हळद न्हाई द्यायची. गेल्या साली ह्यानं माझ्या शेजारच्या सावताच्या मालाचा भाव पट्टीला पन्नास कमी सांगितला, आनि चूक ह्या पद्मानं धरली. माझा सौदा तीच करंल, न्हाईतर पोती उचलतो."

"खोत, बाईमाणूस हाय ती," तात्या म्हणाले.

"असंना! मला काय तिच्याशी सोयरीक करायचीय? माझी हळद इकली पायजे."

मला खोतांचे पाय धरावेसे वाटले. माझ्या बाजूनं पेठेत बोललेलं पहिलं वाक्य, आणि त्यात माझ्याबद्दल चांगला शब्द एकसुद्धा नाही!

तात्या मग समजुतीच्या सुरात आले. "आरं खोत, ऐक. समजा आम्ही हात दिला. तिच्या हातात काचेच्या बांगड्या. बोट दाबलं की त्या वाजणार. एकदा वाजल्या की शंभर, दोनदा वाजल्या की दोनशे. साऱ्या पेठेला भाव कळंल की!"

"कळला तर काय बिघडलं?" खोत म्हणाले.

तात्या मिशीवरून हात फिरवायला लागले. हमालांच्या माना तात्यांकडं वळल्या, मग माझ्याकडं. आणि मला एकदम हसूच आलं. खरंच की! कळला तर काय बिघडलं? सकाळपासून मी हात द्या, हात द्या करत भीक मागत होते. मला हात पाहिजे होता कशाला? मला भाव पाहिजे होता.

मी हातावरचा रुमाल ओढला, कमरेला खोचला, आणि शेजारच्या पोत्यावर चढले. साडी सावरत पोत्यावर चढणं काही देखणं नसतं, पण चढले.

"दत्तू खोतांची राजापुरी हळद!" मी ओरडले. "गाभा केशरी, वाळवण कडक, पॉलिश स्वच्छ! उघड सौदा! अकराशेपासून बोला!"

माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि व्यापाऱ्यांचे चेहरे! मी जणू त्यांना भर चौकात धोतर सोडायला सांगितलं होतं. बापजाद्यांपासून एकानंही या पेठेत भाव तोंडानं उच्चारला नव्हता. बोटांना सवय होती, जिभांना नव्हती.

"अकराशे! आहे कुणी? का राजापुरीला आज वालीच नाही?"

गर्दीच्या मागनं खाकरण्याचा आवाज आला. बागवानचाचा. त्यांची हळद दळायची छोटी गिरणी होती. सौद्यात ते नेहमी शेवटी हात घालायचे आणि मोठ्यांनी टाकून दिलेला उरलासुरला माल घेऊन जायचे. चाचा टाचा वर करून म्हणाले, "अकराशे पन्नास."

भाव उच्चारला गेला! सगळी पेठ मागं वळून चाचांकडं बघायला लागली, आणि चाचा स्वतःच दचकून इकडंतिकडं बघायला लागले.

"चाचा अकराशे पन्नास! चांगल्या मालाला चाचांनी सुरुवात केली! तात्या, तुम्ही?"

तात्यांची चूक इथंच झाली. रुमालाखाली ते शांतपणे कमी भाव दाबायचे. शांतिलालशेठ त्याहून थोडा कमी, तिसरा आणखी कमी, आणि माल मुकाट्यानं तात्यांकडं. पण इथं गिरणीवाला बागवान सगळ्यांदेखत वर, आणि निकम खाली? हमाल बघतायत, शेतकरी बघतायत! तात्यांच्या मिशीला ते सोसवेना.

"बाराशे!" तात्या गरजले.

"बाराशे! तात्या निकम बाराशे!"

"साडेबारा," चाचा म्हणाले. या खेपेला त्यांना इकडंतिकडं बघायची गरज वाटली नाही.

"तेराशे!" पुन्हा तात्या.

"शांतिलालशेठ, तुम्ही चष्माच पुसणार का माल घेणार?"

"अगं थांब तर, साडेतेरा," शेठ म्हणाले, आणि म्हटल्यावर स्वतःच खुदकन हसले. त्या म्हाताऱ्याला मजा यायला लागली होती!

काय ते दृश्य! शेजारच्या दुकानांतले शेतकरी धावत आले. हमाल पाठीवरची पोती टाकून आले. चहावाला किटली घेऊन आला आणि चहा द्यायचं विसरला. मी पोत्यावर उभी, हात कधी इकडं कधी तिकडं, बांगड्या वाजतायत, घसा तापलाय, आणि प्रत्येक आकड्याला गर्दीतून 'हे!' असा एक उद्गार उठतोय. खोत खाली बसले होते. हळदीवर बसलेला इतका भेदरलेला माणूस मी आजपर्यंत पाहिलेला नाही. त्यांना उभ्या आयुष्यात आपल्या मालाचा भाव चढताना ऐकू आला नव्हता.

"चौदाशे!" तात्या. मानेवरच्या शिरा तटतटलेल्या.

चाचांनी हात जोडले. शेठनी नकारार्थी मान हलवली.

"चौदाशे एक वार! चौदाशे दोन वार! कुणी आहे का? तीन वार! माल तात्या निकमांचा!"

जी आरोळी उठली ती मला अजून ऐकू येते. मी पोत्यावरून उतरले तेव्हा मला उगीचच सगळ्यांना मिठी मारावीशी वाटत होती. तात्यांनासुद्धा. तात्या बिचारे रुमालानं मान पुसत होते. आपण काय करून बसलो ते त्यांना आत्ता कळत होतं.

"माझा माल बी असाच!" मागच्या शेतकऱ्यांनी कालवा केला. "रुमाल नको! उघड सौदा!"

"काय चाललंय इथं?"

गर्दी फाकली. बाजार समितीचे सभापती आले होते, भगवानराव माने. पांढरी टोपी, पांढरा सदरा, मागं सेक्रेटरी. त्यांचं ऑफिस पेठेच्या पार दुसऱ्या टोकाला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, शेतकऱ्यांची संख्या पाहिली, पुढच्या वर्षी समितीची निवडणूक आहे हेही त्यांना आठवलं असणार. ते म्हणाले, "शेतकऱ्यांची मागणी असेल तर उघड सौद्याला समितीची हरकत नाही. आजपासून उघड."

पुन्हा आरोळी! मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, जिंकले.

"पण," भगवानराव हात वर करून म्हणाले, "उघड सौदा म्हणजे ओरडायचं काम. त्याला गडी माणूस पाहिजे. बाईच्या आवाजाला पल्ला नसतो, एवढ्या गर्दीत तो पोचत नाही. दुकानदारांनी तशी माणसं द्यावीत."

बघा हं! सकाळी हात आडवा आला होता. हाताची गरज संपली, तर आता आवाज आडवा आला.

"सभापतीसाहेब," मी म्हटलं, "तुम्ही आत्ता कुठनं आलात?"

"ऑफिसातनं."

"कुणी बोलवायला आलं होतं का?"

"नाही. इकडं कोण बाई ओरडतेय म्हणून..." भगवानराव थांबले.

आधी चहावाला हसला. मग हमाल, मग शेतकरी, आणि शेवटी भगवानरावांच्या मागं उभा असलेला सेक्रेटरीसुद्धा, तोंडावर हात धरून. भगवानराव काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. तेही हसले, आणि लगेच अंग काढून घेतलं. "हे बघा, दुकान शेट्यांचं. आप्पा, तुम्ही सांगा. तुमच्या दुकानाकडनं सौद्याला कुणाचं नाव लिहायचं?"

सगळ्यांनी आप्पांकडं बघितलं. आप्पा ओट्यावर उभे, उजवा हात गळ्यात बांधलेला. मी त्यांच्याकडं बघून हसतच होते. नाव काय ते मला माहीत होतं. चौदाशेला माल विकला होता मी. मुहूर्ताला इतका भाव पेठेत कधी निघाला नव्हता!

"सुधाकर," आप्पा म्हणाले.

मला वाटलं, ते सुधाकरला हाक मारतायत, पाणी आण वगैरे म्हणायला. पण सेक्रेटरीनं खिशातून पेन काढलं.

"आप्पा?" मी म्हटलं.

"छान केलंस तू आज, पद्मा," आप्पा म्हणाले, अगदी मायेनं. "पण हा एक दिवसाचा खेळ झाला. रोजची पेठ वेगळी. तू आपली पट्ट्यांत वाकबगार. तुझ्यासारखी दिवाणजी साऱ्या पेठेत नाही."

"मग काल माझं नाव का दिलंत?"

आप्पा गळ्यातली झोळी सारखी करायला लागले. माझ्या शेजारी सुधाकर उभा होता, हातात तो इस्त्रीचा रुमाल. त्याचे कान लाल झाले होते. पोरगा वाईट नव्हता. म्हणूनच त्याला गप्प राहवलं नाही.

"ताई, मामा म्हणाले होते," तो खालच्या आवाजात बोलला, "दरसाली मागं लागती, तर एकदा उभी करू तिला. कुणी हात देणार न्हाई. मग तिचा नाद आपोआप सुटंल. आनि मग मी पुढं व्हायचं."

म्हणून तो कोरा रुमाल घरातून घडी घालून आणलेला! माझ्या सहा वर्षांच्या हट्टावर आप्पांनी सगळ्या पेठेच्या साक्षीनं औषध काढलं होतं. मी नापास व्हायचं, हे आधीच ठरलं होतं. मी आदल्या रात्री अंथरुणात बोटं दाबत पडले होते तेव्हासुद्धा. मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं, पण आला तो संताप. डोक्याच्या केसांपर्यंत तापले मी. आप्पांना मी वडिलांसारखं मानत होते हो! हळकुंड मोडून माझ्याकडं बघणारा तो माणूस!

तेवढ्यात शेजारच्या ओट्यावरून गुरुपाद हिंगमिरे बोलले. भरल्या अंगाचा, आळशी डोळ्यांचा माणूस. पण धंद्यात त्यांची नजर घारीची.

"पद्माबाई, आमच्या दुकानी याल का? सौद्याला. पट्ट्या लिहायला माझ्याकडं गडी हाय."

हशा पिकला. कुणी शिट्टी मारली. हिंगमिरे हसले नाहीत. "खरं बोलतोय मी. पगार किती घेणार, बोला."

मी आकडा सांगणार, तेवढ्यात आठवलं. सहा वर्षांपूर्वी आप्पांनी मला हाच प्रश्न विचारला होता, दुकानाच्या आतल्या खोलीत, दार लोटून. मी चाचरत एक आकडा बोलले होते, आप्पांनी त्यातला अर्धा दिला होता, आणि 'बाहेर बोलू नकोस' म्हणून सांगितलं होतं. सुधाकरला किती मिळतं ते मला माहीत नव्हतं. माझं किती ते कुणालाच माहीत नव्हतं.

मी परत पोत्यावर चढले. या वेळी साडी अडकली नाही.

"मी कशाला बोलू?" मी ओरडले. "तुम्ही बोला! सभापतीसाहेबांनी उघड सौदा चालू केलाय. पद्मजा मगदूम, शेट्यांच्या दुकानी सहा वर्षं, साडेतीनशे रुपये पगार! पट्टीत चूक नाही, पारखीत चूक नाही, आवाज सभापतींच्या ऑफिसापर्यंत! हिंगमिरे काका, बोला!"

मग शेतकऱ्यांत जी लाट उठली! दत्तू खोत तर चक्क पोत्यावर हातातली काठी आपटायला लागले.

"पाचशे!" हिंगमिरे.

"पाचशे! आणि नाव?"

"नाव म्हंजे?"

"समितीच्या यादीत सौद्याला माझं नाव!"

"तुमचंच की! दुसऱ्या कुणाचं घालू?"

"सहाशे," पलीकडच्या दुकानाचे मालक हात वर करून म्हणाले. मी त्यांना पुरती ओळखतही नव्हते.

"साडेसहा," हिंगमिरे.

"सातशे," पलीकडचे.

"साडेसातशे!" हिंगमिरे ओट्यावरून खाली उतरले होते. आळशी डोळे चांगलेच उघडले होते. पलीकडच्यांनी हात खाली घेतला.

"साडेसातशे एक वार!"

मी आप्पांकडं बघितलं नाही असं सांगितलं तर ते खोटं होईल. बघितलं. आप्पा प्लास्टर छातीशी धरून उभे होते. मग त्यांचा डावा हात वर गेला.

"हजार," आप्पा म्हणाले.

पेठेतल्या एकाही दिवाणजीला, एकाही सौदेवाल्याला तेव्हा हजार मिळत नव्हते. "हजार," ते पुन्हा म्हणाले, "आणि नाव तुझंच. सुधाकर पट्ट्या लिहील. झालं? उतर आता खाली, पोरी."

"आप्पा, हा आकडा इतकी वर्षं कुठं होता?"

"तू कधी मागितलास?"

"सौदा मागितला होता. दरसाली."

आप्पांनी हिंगमिऱ्यांकडं बघितलं. हिंगमिऱ्यांनी खांदे पाडले. हजाराच्या वर जायची त्यांची ताकद नव्हती, आणि खोटं बोलायचा स्वभाव नव्हता. गर्दी माझ्याकडं बघत होती. खोतांनी काठी आपटायची थांबवली. मला माहीत होतं, आता कुणी काही बोलणार नाही. जे बोलायचं ते मीच.

"हजार एक वार," मी म्हटलं. "हजार दोन वार."

आप्पांच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, ओळखीचं, हळकुंड पारखून मिळाल्यावर यायचं तेच.

मी पोत्यावरून उतरले. कमरेचा रुमाल काढला, घडी केली, आणि आप्पांच्या डाव्या हातात दिला. मग मधली गटार ओलांडून हिंगमिऱ्यांच्या ओट्याकडं चालू लागले.

"पद्मा!" आप्पांची हाक मागून आली. "अगं, सगळ्यात वर मी बोललोय! पेठेचा नियम हाय, जो वर बोलंल त्याचा सौदा!"

मी वळले. "तो नियम मालाला, आप्पा," मी म्हटलं. "मी माल न्हाई."

आणि हिंगमिऱ्यांच्या दारात ओतलेल्या ढिगातून एक हळकुंड उचललं, मोडलं, उन्हात धरलं. गाभा लालबुंद केशरी होता. व्यापारी माझ्यामागून येतच होते. सगळ्यांच्या पुढं बागवानचाचा, त्यांच्या मागं शांतिलालशेठ, आणि सगळ्यात शेवटी, मान पुसत, तात्या निकम.

"चला!" मी ओरडले. "बोला!"